तुझी माणसं भीत का नाहीत?

«ताई, मी नंदगडजवळच्या एका खेड्यातला. बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, खोली घेऊन राहतो. कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ म्हणजे माझा जीव की प्राण. सुट्टीत गावी गेलो की आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसतात. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. परवा अर्धा तास काही न बोलता बघत बसले आणि उठताना म्हणाले, ‘तुझी माणसं भीतच नाहीत की रे. आणि तू सांगितलेलं लगेच ऐकतात बी.’ मला ते फार लागलं. निपाणीचा एक मित्र म्हणतो, अमका खेळ शंभर टक्के खरा, त्यात रणगाड्याच्या पोलादाची जाडीसुद्धा बरोबर आहे. पण तसल्या खेळात मी दर वेळी हरतो. टेकडीवर हल्ला केला की अख्खी प्लाटून, म्हणजे तीस माणसं, पाच मिनिटांत संपते. खरा खेळ ओळखायचा कसा? टेकडी घ्यायची कशी? भरतीत याचा काही उपयोग होईल, की आजोबा म्हणतात तसं हे सगळं खोटं?»

आजोबांचं वाक्य तू जसंच्या तसं लिहिलंस हे फार बरं केलंस. कारण त्यात ‘खोटं’ हा शब्दच नाही. तो तुझ्या मनातला आहे. त्यांनी अर्धा तास तुझा खेळ नीट पाहिला आणि दोन गोष्टी हेरल्या: सैनिकांना भीती नाही, आणि हुकूम पोचायला वेळ लागत नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळायचे दिवस होते तेव्हापासून मी हे खेळ खेळते आहे. इतक्या वर्षांत खरेपणाची याहून चोख परीक्षा मला कुणी सांगितलेली नाही. तुला लागलं ते समजू शकते, पण त्यांनी तुला किल्लीच दिली आहे.

आधी निपाणीच्या मित्राचं बघू. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचं पुढचं पोलाद १०० मिलिमीटर जाड होतं, हे बरोबर. खेळात ते तसंच असेल तर चांगलंच. पण तोच टायगर ५७ टनांच्या आसपास भरायचा. वाटेतला कुठला पूल त्याला पेलणार, गिअरबॉक्स कधी दगा देणार, पेट्रोल मागून वेळेवर येणार का, यावर तो लढाईला पोचणार की नाही हे ठरायचं. खेळात तो नकाशावर उभा असतो, टाकी भरलेली, यंत्र ठणठणीत. म्हणजे आकडा खरा आणि रणगाडा खोटा. बंदुकीचा आवाज, गणवेशाची बटणं, पोलादाची जाडी या गोष्टी मोजता येतात, म्हणून खेळ बनवणारे त्या आधी अचूक करतात. सेनापतीला काय माहीत नाही, त्याच्या ताब्यात काय नाही, हे दाखवणं अवघड. खेळ खरा की कसा हे मी तिथं तपासते.

आजोबांचा दुसरा मुद्दा आधी घेते, कारण त्याचं उत्तर त्यांच्याच रेजिमेंटच्या इतिहासात आहे. त्या रेजिमेंटचं केंद्र तुझ्या बेळगावातच आहे, तिथल्या कॅम्पातून तू रोज ये-जा करत असशील. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप घेऊन धावणारा. मशीनगनचा मारा सुरू झाला आणि कंपनी कमांडरबरोबरच्या त्या छोट्या टोळीत कमांडर आणि दोघं जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे मारले गेले. जाधवांनी जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग एकट्यानं मशीनगनच्या चौक्यांवर चाल केली. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. चौक्या गप्प झाल्यावर ते बांधावर चढले, शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची आरोळी ठोकली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या प्रसंगाकडे फक्त निरोपाच्या बाजूनं बघ. ‘वाट मोकळी झाली, या’ एवढा निरोप. तो पोचवायला एका माणसाला त्या बांधावर उघड्यावर उभं राहावं लागलं. तुझ्या खेळात तोच निरोप माउसच्या एका टिचकीनं जातो, आणि नदीपलीकडच्या तिन्ही तुकड्या त्याच क्षणी चालायला लागतात. आजोबांना ते खटकलं नसतं तरच नवल.

हे दुखणं नवं नाही. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सैन्यात राइसविट्झ बापलेकांनी युद्धाचा एक खेळ तयार केला, क्रीगश्पील. बापानं १८१२ च्या सुमारास टेबलावर भूप्रदेश मांडून तो राजाला दाखवला. १८२४ मध्ये मुलानं तो खऱ्या नकाशावर, १:८००० या प्रमाणात आणला. लाल आणि निळे ठोकळे, फासे, दोन मिनिटांचा एक डाव. पण त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम कागदावर लिहून पंचाला देत. तो निरोप किती वेळानं पोचेल, पोचेल का, आणि तुला शत्रूचं नेमकं किती दिसतंय, हे तो ठरवी. जे दिसत नाही ते नकाशावर मांडलंच जात नसे. सैन्याच्या प्रमुखांना हा खेळ इतका पटला की त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी ठोकळ्यांत आजोबांच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर होतं, आणि आजच्या झगमगीत खेळांपैकी बहुतेकांत ते नाही.

१८२४ म्हटल्यावर तुझ्या कानात दुसरंच काही वाजलं असेल. नंदगडच्या पोराला ते सांगायला नको. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्मांच्या कित्तूरच्या किल्ल्यासमोर इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे तोफा लावून दरवाजा उघडण्याची मागणी करत होता. दरवाजा उघडला, पण शरण येण्यासाठी नव्हे. आतलं सैन्य एकदम बाहेर कोसळलं आणि थॅकरे मारला गेला. आता तुझ्या कुठल्याही खेळातला किल्ला आठव. आतली शिबंदी तटावर बसून राहते, तू तोफा लावून आरामात भिंत पाडतोस. तटाआडून कुणी अचानक अंगावर येत नाही, म्हणून तू तोफांजवळ राखीव तुकडी ठेवायला कधी शिकलाच नाहीस. पुढं डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले आणि कित्तूर पडलं, तो भाग वेगळा.

आता खेळांची नावं. ‘क्लोज कॉम्बॅट’ हा १९९६ सालचा खेळ अजून माझ्या मनात पहिल्या रांगेत आहे. त्यात एकेका शिपायाची मनःस्थिती दिसते. तू ‘पुढं जा’ म्हणतोस, तो जमिनीला चिकटून पडतो, कारण त्याच्या शेजारचा आत्ताच गेला. पहिल्यांदा खेळलास तर तुझा संताप होईल. त्या संतापातच आजोबांच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. ‘कॉम्बॅट मिशन’ २००० साली आला. त्याच्या डावांच्या पद्धतीत दोन्ही बाजू एका मिनिटाचे हुकूम आधी देतात आणि मग ते मिनिट हात बांधून बघत राहतात. सुरुवातीच्या भागांत तर कच्च्या तुकडीला हुकूम कळून ती हलायलाही वेळ लागायचा. ‘कमांड ऑप्स’ या मालिकेत वरच्या अधिकाऱ्यापासून खालच्या तुकडीपर्यंत हुकूम पोचायला लागणारा उशीर हा खेळाचा गाभाच आहे. दिसायला रुक्ष आहे, नुसता नकाशा आणि चौकोन. रसद शिकायची असेल तर २०११ चा ‘युनिटी ऑफ कमांड’, जो तुझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल. त्यात शत्रूला मारण्यापेक्षा त्याच्यामागचा रेल्वेमार्ग कापणं जास्त फळतं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे उपासमारीचे दिवस ज्यानं वाचलेत त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

‘टोटल वॉर’ तू खेळतच असशील. २००९ च्या ‘एम्पायर’मध्ये मराठे घेऊन खेळता येतं म्हणून आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी तो घेतला. त्यात मनोधैर्य आहे, थकवा आहे, बगलेवर मार बसला की पलटणी पळतात. हे चांगलं आहे. पण आभाळातून घारीसारखं सगळं रणांगण बघता येतं, तिथं तो खेळ खरेपणापासून दूर जातो. कॅमेरा आपल्या एका तुकडीच्या पाठीमागे, जमिनीलगत ठेवून एक लढाई खेळून बघ. सवयीनं हात वर जाईल, पण थांबव. मी पहिल्यांदा तसं खेळले तेव्हा माझंच घोडदळ कुठं गेलं ते मला दहा मिनिटं सापडलं नव्हतं.

टेकडीचं काय ते आता सांगते, कारण तुझी सगळी हार तिथंच होते आहे.

लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १९१६ साली एक हिशेब मांडला. दोन्हीकडून नेम धरून गोळीबार होत असेल तर ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीसजण दहांवर तुटून पडले तर ९०० वजा १००, म्हणजे ८००, त्याचं वर्गमूळ साधारण २८. दोनच माणसं गमावून दहा संपतात. तेच तीसजण दहा-दहाच्या टोळीनं गेले तर पहिली टोळी बरोबरीत झुंजून संपते. बी.एस्सी.वाला आहेस, कागदावर करून बघ. तू म्हणशील, मी तर तिसांनाच एकदम पाठवतो, मग पाच मिनिटांत संपतात कसे? कारण हा हिशेब गोळ्या झाडणाऱ्यांचा आहे, हजर असलेल्यांचा नव्हे. चढावर धावणारा माणूस नेम धरत नाही. तुझे तीसजण एकदम धावतात तेव्हा तुझ्या बाजूनं झाडणारे शून्य असतात आणि खंदकातले दहा निवांत झाडत असतात.

म्हणून प्लाटूनचे तीन सेक्शन असतात हे लक्षात घे. आजोबांना विचार, सेक्शन म्हणजे दहा माणसं हे ते झोपेतही सांगतील. दोन सेक्शनांनी बांधाआडून, झाडाआडून मारा धरायचा आणि एकानं वळसा घ्यायचा. मारा शत्रू मरावा म्हणून नसतो, त्यानं डोकं वर काढू नये म्हणून असतो. हे एकदा मनात बसलं की खेळ बदलतो. त्याच्या मशीनगनचा आवाज विरळ होईपर्यंत वळशाच्या सेक्शनला हलवूच नकोस. दोन मिनिटं, तीन मिनिटं, जेवढी लागतील तेवढी. तुझ्यासारखी तरुण पोरं हरतात ती इथं, चुकीच्या जागेमुळे नव्हे तर घाईमुळे. आणि वळसा लांबचा घे. जवळचा वळसा म्हणजे थोडा तिरका समोरासमोरचा हल्लाच.

वाट कुठली, हे मात्र पडद्यावर शिकता येत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर एक सकाळ घालव. तटावर उभा राहिलास की लांबची गावं, शेतं, रस्ते सगळं तळहातासारखं दिसतं. मग खाली बघ. टेकडीचा पोटातला उतार, पायथ्याजवळची जमीन, मधले खोलगट भाग तुला दिसणार नाहीत, कारण उताराची कड आड येते. वर बसलेल्याला लांबचं दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही. हल्ला करणाऱ्याची वाट त्याच न दिसणाऱ्या पट्ट्यातून जाते. मित्राला उतारावर चालायला लाव आणि तो कुठं नाहीसा होतो, कुठं परत उगवतो ते वहीत टिपून ठेव. उलट तू बचाव करत असशील तर माथ्यावर आभाळाच्या रेषेवर माणसं उभी करू नकोस, पलीकडच्या उतारावर थोडी खाली ठेव. जो माथा ओलांडून येईल तो एकेकटा तुझ्यासमोर येईल.

नदीचंही तसंच. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत कैलना नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही असं वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगितलं होतं. त्यानं दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या अल्याड-पल्याड समोरासमोर दोन गावं. लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, हे त्यानं ताडलं आणि तिथून सैन्य पार नेलं. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीही कमाल केली. शत्रू अनपेक्षित दिशेनं आलेला पाहून त्यांनी भर रणात आपली अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. खेळात उतार फिकट निळ्या रंगात दाखवलेला असतो. तिथं ताडायला काही उरतच नाही, आणि मला ते वाईट वाटतं, कारण ताडणं हाच यातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

भरतीबद्दल थोडक्यात. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटरची धाव असते, ती माउसनं होत नाही. पहाटे उठून पळ. खेळातून प्रश्न विचारायची सवय लागेल: मला काय दिसत नाही, राखीव कोण, परतीची वाट कुठली. बाकीचं सैन्य स्वतः शिकवतं, आणि खेळात शिकलेलं काही विसरावंही लागतं.

आता आजोबा. त्यांना खेळ पटवून देऊ नकोस. त्यांना पंच कर.

दिवाळीला तू गावी जाशीलच. धाकटी भावंडं अंगणात किल्ला करतील, तो त्यांना करू दे. तू सर्व्हे ऑफ इंडियाचा खानापूर भागाचा १:५०,००० चा नकाशा मिळव. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्याच्या तीन प्रती काढ. एक तुझ्याकडे पडवीत, एक निपाणीच्या मित्राकडे माजघरात, आणि तिसरी, जिच्यावर दोन्हीकडची माणसं मांडलेली असतील ती, आजोबांपुढे सोप्यावर. एक डाव दहा मिनिटांचा धर. पायदळ रानातून तासाला तीन किलोमीटर चाललं तर एका डावात एक सेंटिमीटर सरकेल, पाऊस किंवा दाट जंगल असेल तर अर्धा. प्रत्येक बाजूला तीन सेक्शन, एक मशीनगन. मलप्रभेचं एखादं वळण निवड. मित्राला पल्याडची टेकडी धरू दे, तू अल्याडहून ये. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, धाकट्या भावंडानं तो आजोबांकडे न्यायचा. ती चिठ्ठी किती डावांनंतर लागू होणार, कोणता सेक्शन हलेल आणि कोणता पडून राहील, तुला काय दिसलं, हे सगळं आजोबा ठरवतील. फासा टाकायचा की अंदाजानं सांगायचं, तेही त्यांच्यावर सोड.

एक जपायचं. त्यांच्या स्वतःच्या नोकरीतल्या लढाईबद्दल खोदून विचारू नकोस. आपणहून बोलले तर नकाशा बाजूला ठेवून ऐक. मध्येच गप्प झाले तर चहा आण आणि डाव तिथंच थांबव, उद्या पुढं खेळता येईल.

आणि त्यांनी तुझी एखादी चिठ्ठी नुसती गुडघ्याखाली सारून ठेवली, तुझा सेक्शन तीन डाव जागचा हलला नाही, तर डाव चालू असताना का म्हणून विचारू नकोस. खेळ संपल्यावर विचार. चिठ्ठी घेऊन निघालेला तो रनर कुठं अडकला, हे त्यांनी तेव्हा मनात ठरवलेलंच असेल.